रम्प संसदेचे विसर्जन (१६५३)

रम्प संसदेचे विसर्जन ही इंग्लंडच्या प्रजासत्ताक कालखंडातील घटना आहे. २० एप्रिल, इ.स. १६५३ रोजी सरसेनापती ऑलिव्हर क्रॉमवेल याने लंडनमधील वेस्टमिन्स्टर येथे बंदूकधारी शिपायांच्या साहाय्याने हाउस ऑफ कॉमन्सचे सभागृह रिकामे केले व दरवाजाला कुलूप लावले. राजेशाही आणि हाउस ऑफ लॉर्ड्स ही दोन्ही १६४९ मध्येच रद्द झाली होती. त्यामुळे या दिवसापर्यंत देशाची सर्व सार्वभौम सत्ता याच एका सभागृहाकडे होती. नव्या निवडणुकांबाबतच्या एका विधेयकावरून संसद आणि सैन्य यांच्यात निर्माण झालेला पेच हे या कारवाईचे तात्कालिक कारण होते.

१६४१ च्या एका अधिनियमानुसार ही संसद केवळ तिच्या स्वतःच्या संमतीने विसर्जित होऊ शकत होती. तशी संमती २० एप्रिल रोजी दिली गेली नाही. त्यामुळे सभागृह रिकामे झाले असले तरी संसद विसर्जित झाली की नाही, हा प्रश्न पुढील सात वर्षे इंग्लंडच्या राजकारणात कायम राहिला. त्या काळात आलेल्या प्रत्येक नव्या राज्यव्यवस्थेला या प्रश्नाला सामोरे जावे लागले.

नाव आणि कालगणना

‘रम्प’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ जनावराच्या धडाचा मागील भाग असा होतो. मूळ संसदेतील बहुसंख्य सदस्य वगळल्यावर उरलेल्या अवशिष्ट सभागृहाला विरोधकांनी हे हेटाळणीचे नाव दिले. ते विशेषतः १६५९-६० या काळात रूढ झाले आणि पुढे इतिहासलेखनातही स्थिरावले. सभागृह स्वतःला ‘इंग्लंडच्या राष्ट्रकुलाची संसद’ म्हणवून घेत असे.

त्या काळी इंग्लंडमध्ये ज्युलियन दिनदर्शिका प्रचलित होती. या लेखातील इंग्लंडमधील घटनांचे दिनांक त्या दिनदर्शिकेनुसार आहेत; मात्र वर्षाचा आरंभ १ जानेवारीपासून धरला आहे. आजच्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेनुसार ही घटना ३० एप्रिल १६५३ रोजी घडली.

पार्श्वभूमी

*दीर्घ संसद आणि १६४१ चा अधिनियम*

इंग्लंडच्या परंपरेनुसार संसद बोलावण्याचा व विसर्जित करण्याचा अधिकार राजाचा होता. राजा चार्ल्स पहिला याने १६२९ पासून अकरा वर्षे संसदेविना राज्य केले. स्कॉटलंडशी झालेल्या युद्धामुळे पैशाची निकड भासल्याने त्याने १६४० च्या वसंतऋतूत संसद बोलावली. परंतु ती सुमारे तीन आठवड्यांतच विसर्जित केली. त्यानंतर ३ नोव्हेंबर १६४० रोजी भरलेली संसद पुढे ‘दीर्घ संसद’ म्हणून ओळखली गेली.

सैन्यखर्चासाठी संसदेला कर्ज उभारावयाचे होते. मात्र जी संस्था राजाच्या इच्छेने कोणत्याही दिवशी संपुष्टात येऊ शकते, तिच्या हमीवर सावकार पैसे देण्यास तयार नव्हते. या अडचणीतून मे १६४१ मध्ये एक अधिनियम संमत झाला. संसदेने स्वतः संमत केलेल्या कायद्याखेरीज अन्य कोणत्याही मार्गाने ही संसद विसर्जित वा तहकूब करता येणार नाही, असे त्यात नमूद होते. राजानेही त्यास संमती दिली. राजाच्या लहरीपासून संरक्षण मिळावे यासाठी केलेली ही तरतूद बारा वर्षांनी संसदेच्याच सैन्याविरुद्ध पुढे करण्यात आली.

४ जानेवारी १६४२ रोजी राजा सशस्त्र माणसांसह हाउस ऑफ कॉमन्समध्ये पाच सदस्यांना अटक करण्यासाठी गेला. सभापती विल्यम लेंथॉल याने त्यांचा ठावठिकाणा सांगण्यास नकार दिला. सभागृहाच्या आज्ञेवाचून आपण काही पाहू वा बोलू शकत नाही, अशी भूमिका त्याने घेतली. त्याच वर्षी राजा आणि संसद यांच्यात यादवी युद्ध सुरू झाले. केंब्रिजचा सदस्य असलेला ऑलिव्हर क्रॉमवेल हा या युद्धात घोडदळाचा नायक म्हणून नावारूपास आला.

*प्राइडची छाटणी*

युद्धात संसदेचा विजय झाला. पराभूत राजाशी तडजोड करावी की नाही, यावरून मात्र संसद व तिचे ‘न्यू मॉडेल आर्मी’ हे सैन्य यांच्यात फूट पडली. सभागृहातील बहुमत वाटाघाटींच्या बाजूने होते. ६ डिसेंबर १६४८ रोजी कर्नल थॉमस प्राइड याने शिपायांसह सभागृहाच्या प्रवेशद्वारी उभे राहून यादीनुसार सदस्यांना अडवले. त्या व पुढील दिवसांत चाळीसहून अधिक सदस्यांना अटक झाली आणि शंभराहून अधिक सदस्यांना प्रवेश नाकारण्यात आला. या घटनेस ‘प्राइडची छाटणी’ असे म्हणतात. रम्प संसद अशा रीतीने सैन्याच्याच हस्तक्षेपातून निर्माण झाली होती.

उर्वरित सभागृहाने ४ जानेवारी १६४९ रोजी एक ठराव केला. सर्व न्याय्य सत्तेचा उगम जनतेत आहे आणि जनतेने निवडलेले कॉमन्स हे सर्वोच्च सत्तेचे धनी आहेत, असे त्यात घोषित करण्यात आले. ३० जानेवारी रोजी राजाचा शिरच्छेद झाला, मार्चमध्ये राजेशाही व हाउस ऑफ लॉर्ड्स रद्द झाले आणि १९ मे १६४९ रोजी इंग्लंड हे राष्ट्रकुल असल्याचे जाहीर करण्यात आले. दैनंदिन कारभारासाठी संसदेने ४१ सदस्यांची राज्य परिषद नेमली.

रम्प संसदेचा कारभार

सुमारे २०० सदस्यांना सभागृहात बसण्याचा हक्क उरला असला तरी प्रत्यक्ष उपस्थिती बहुधा ५० ते ६० च्या आसपास असे. एवढ्या लहान सभागृहाने महत्त्वाची कामे पार पाडली. आयर्लंड व स्कॉटलंडमधील मोहिमांचा खर्च त्याने उभारला आणि आरमाराची मोठी वाढ केली. १६५१ मध्ये नौवहन अधिनियम संमत करून इंग्लंडच्या आयात व्यापारातील डच जहाजांच्या वाहतुकीवर निर्बंध घालण्यात आले. १६५२ मध्ये डच प्रजासत्ताकाशी युद्ध सुरू झाले व ते विसर्जनाच्या वेळीही चालू होते.

अंतर्गत सुधारणांचा वेग मात्र मंद होता. कायद्याच्या सुधारणेसाठी मॅथ्यू हेल याच्या नावाने ओळखला जाणारा आयोग नेमण्यात आला. परंतु त्याच्या शिफारशींपैकी फारसे काही अमलात आले नाही. चर्चसाठी शेतकऱ्यांकडून घेतला जाणारा दशांश कर रद्द करण्याची मागणी पडून राहिली. सदस्यांमध्ये वकील व जमीनदारांची संख्या मोठी होती. प्रस्थापित मालमत्ता आणि न्यायव्यवस्था विस्कळीत होऊ नये, असा त्यांचा कल होता. राजपक्षीयांच्या जप्त जमिनींची विक्री आणि सैन्याच्या पोषणासाठी बसवलेले जबर मासिक कर यांमुळे जनतेतही नाराजी होती.

सैन्य आणि संसद यांच्यातील तेढ

३ सप्टेंबर १६५१ रोजी वुस्टर येथे क्रॉमवेलने चार्ल्स दुसरा याच्या सैन्याचा पराभव केला व युद्धपर्व संपले. क्रॉमवेल हा १६५० पासून सरसेनापती होता. शिवाय तो संसदेचा व राज्य परिषदेचाही सदस्य होता. युद्ध संपताच त्याने नव्या निवडणुकांचा आग्रह धरला. नोव्हेंबर १६५१ मध्ये सभागृहाने ३ नोव्हेंबर १६५४ पूर्वी आपला कार्यकाळ संपवण्याचे ठरवले. तीन वर्षांची ही मुदत सैन्यातील अनेकांना फार दीर्घ वाटली.

ऑगस्ट १६५२ मध्ये सैन्याधिकाऱ्यांनी संसदेकडे अर्ज सादर केला. त्यात कायद्याची सुधारणा, धर्मोपदेशकांची योग्य व्यवस्था, भ्रष्टाचाराचा बंदोबस्त, शिपायांची थकबाकी आणि नव्या संसदेच्या निवडणुका या मागण्या होत्या. अधिकाऱ्यांमध्ये दोन प्रमुख प्रवाह होते. मेजर-जनरल थॉमस हॅरिसन याच्याभोवतीच्या गटाला ख्रिस्ताचे राज्य जवळ आले असून शासन धर्मनिष्ठ पुरुषांच्या हाती असावे, असे वाटत होते. जॉन लॅम्बर्ट याचा गट लहानशा कार्यकारी मंडळाच्या व सुव्यवस्थित राज्यघटनेच्या बाजूने होता. रम्प संसद जावी, यावर दोन्ही गटांचे एकमत होते. तिच्या जागी काय यावे, यावर नव्हते.

वेल्समध्ये धर्मप्रसारासाठी नेमलेल्या आयोगाची तीन वर्षांची मुदत १६५३ च्या वसंतात संपली आणि संसदेने ती वाढवली नाही. हॅरिसन या आयोगाशी निकटचा संबंधित असल्याने त्याच्या गटाचा असंतोष अधिकच वाढला.

नव्या प्रतिनिधिगृहाचे विधेयक

१६५३ च्या प्रारंभी संसदेने नव्या प्रतिनिधिगृहासंबंधीच्या विधेयकावर नियमित चर्चा सुरू केली. लहान व ओस पडलेल्या मतदारसंघांच्या जागा कमी करून परगण्यांना अधिक प्रतिनिधित्व देणे आणि परगण्यांमध्ये २०० पौंड मूल्याची मालमत्ता असणाऱ्यांना मताधिकार देणे, या त्यातील प्रमुख तरतुदी होत्या.

वादाचा मुद्दा निवडणुकीच्या स्वरूपाचा होता. मोकळी निवडणूक झाल्यास राजपक्षीय अथवा प्राइडच्या छाटणीत वगळलेले सदस्य निवडून येण्याची शक्यता होती, आणि ते सैन्याविरुद्ध सूड घेतील अशी अधिकाऱ्यांना भीती होती. म्हणून उमेदवारांची पात्रता कोणी तपासावी, हा प्रश्न कळीचा ठरला. दुसरीकडे, सैन्याने निवडलेल्या मंडळाकडे सत्ता सोपवणे संसदेला मान्य नव्हते; कारण त्यामुळे १६४९ च्या ठरावातील जनतेच्या सार्वभौमत्वाचे तत्त्वच बाजूला पडले असते.

१९ एप्रिल रोजी व्हाइटहॉलमधील क्रॉमवेलच्या निवासस्थानी काही अधिकारी व सुमारे वीस संसदसदस्य यांची बैठक झाली. संसदेने स्वतः बाजूला होऊन सुमारे चाळीस जणांच्या हंगामी मंडळाकडे कारभार सोपवावा, असा प्रस्ताव अधिकाऱ्यांनी मांडला. एकमत झाले नाही. मात्र दुसऱ्या दिवशी विधेयक पुढे रेटले जाणार नाही व चर्चा चालू राहील, असा शब्द काही प्रमुख सदस्यांनी दिल्याची क्रॉमवेलची समजूत झाली.

२० एप्रिल १६५३

त्या दिवशीच्या घडामोडींचा शब्दशः वृत्तांत उपलब्ध नाही. सभागृहात उपस्थित असलेले बल्स्ट्रोड व्हाइटलॉक आणि अल्जर्नन सिडनी यांच्याकडून आलेली माहिती हा मुख्य आधार आहे. सिडनीची हकिकत त्याचे वडील, लेस्टरचा अर्ल, यांच्या रोजनिशीत नोंदलेली आहे. एडमंड लडलो याच्या आठवणींतील वर्णन सर्वाधिक प्रसिद्ध आहे. तथापि लडलो त्या वेळी आयर्लंडमध्ये होता व त्याने इतरांकडून ऐकलेली माहिती लिहिली आहे.

या हकिकतींनुसार सकाळी सभागृहाने विधेयक पुन्हा हाती घेतले. ही वार्ता मिळताच क्रॉमवेल साधा काळा पोशाख व राखाडी लोकरी मोजे अशा वेशात सभागृहात आला आणि आपल्या नेहमीच्या जागी बसला. येताना त्याने शिपायांची एक तुकडी बाहेर ठेवली होती. काही वेळ त्याने चर्चा ऐकली. विधेयक मताला टाकण्याची वेळ येताच तो उठला.

प्रथम त्याने संसदेच्या पूर्वीच्या कार्याची प्रशंसा केली. नंतर त्याचा स्वर बदलला. न्यायदानातील दिरंगाई, स्वार्थ आणि सत्तेचा लोभ यांबद्दल त्याने सदस्यांना दोष दिला. पुढे डोक्यावर टोपी चढवून तो सभागृहाच्या मध्यभागी येरझारा घालू लागला आणि काही सदस्यांकडे बोट दाखवून त्यांना मद्यपी व व्यभिचारी म्हणाला. सभागृहात बोलताना टोपी काढण्याची प्रथा होती. टोपी घालणे हा सभागृहाचा मान नाकारण्याचा उघड संकेत होता. सर पीटर वेंटवर्थ याने अशा भाषेला आक्षेप घेतला. तेव्हा क्रॉमवेलने आता ही संसद उरलेली नाही अशा आशयाचे उद्गार काढले आणि शिपायांना आत बोलावण्याची आज्ञा हॅरिसनला दिली. लेफ्टनंट-कर्नल चार्ल्स वर्स्ली याच्या नेतृत्वाखाली बंदूकधारी शिपाई आत आले. त्यांची संख्या निरनिराळ्या वृत्तांतांत वीस ते चाळीस अशी आढळते.

सर हेन्री व्हेन याने हे कृत्य प्रामाणिकपणाला धरून नाही असे ओरडून सांगितले. क्रॉमवेलने त्याच्यावरच दगाबाजीचा आरोप केला. सभापतीच्या आसनावर विल्यम लेंथॉल हाच होता. बळाचा वापर झाल्याखेरीज आपण उठणार नाही, अशी भूमिका त्याने घेतली. तेव्हा हॅरिसनने त्याचा हात धरून त्याला आसनावरून खाली आणले. अकरा वर्षांपूर्वी ज्या सभापतीने सशस्त्र राजाला नकार दिला होता, त्यालाच आता संसदेच्या सेनापतीच्या आज्ञेने आसन सोडावे लागले. सभापतीशेजारी बसलेल्या सिडनीलाही जबरदस्तीने बाहेर काढण्यात आले.

टेबलावरील राजदंडाकडे पाहून क्रॉमवेलने तो विदूषकाच्या हातातील खेळण्यासारखा असल्याचे उद्गार काढले व तो शिपायांच्या हवाली केला. महाराष्ट्र विधानसभेप्रमाणेच हाउस ऑफ कॉमन्समध्येही राजदंड हे सभागृहाच्या अधिकाराचे चिन्ह मानले जाते. त्यानंतर विधेयकाची प्रत ताब्यात घेऊन आणि दाराला कुलूप लावून क्रॉमवेल निघून गेला. ही प्रत पुन्हा कधीही उजेडात आली नाही. या कारवाईत रक्तपात झाला नाही.

राज्य परिषदेची बैठक

त्याच दिवशी दुपारी क्रॉमवेल, लॅम्बर्ट व हॅरिसन राज्य परिषदेच्या बैठकीस गेले. राजावरील खटल्याचा अध्यक्ष राहिलेला न्यायाधीश जॉन ब्रॅडशॉ हा अध्यक्षस्थानी होता. संसद विसर्जित झाल्याने तिने नेमलेली परिषदही संपली आहे, असे क्रॉमवेलने सांगितले. त्यावर ब्रॅडशॉने उत्तर दिले की, सभागृहात सकाळी काय घडले ते परिषदेला ठाऊक आहे. परंतु संसद विसर्जित झाली असे समजणे ही चूक आहे, कारण संसदेखेरीज जगातील कोणतीही सत्ता तिला विसर्जित करू शकत नाही. हा युक्तिवाद १६४१ च्या अधिनियमावर आधारलेला होता. एवढे सांगून परिषदेचे सदस्य उठून गेले.

तात्कालिक प्रतिक्रिया

लंडनमध्ये या घटनेचा मोठा निषेध झाला नाही. एक कुत्रेही भुंकले नाही, अशा आशयाचे उद्गार क्रॉमवेलने पुढे काढल्याचे सांगितले जाते. सभागृहाच्या दारावर कोणीतरी ‘घर भाड्याने देणे आहे’ अशा अर्थाची पाटी लावल्याचीही कथा प्रसिद्ध आहे. राजपक्षीय आणि १६४८ मध्ये वगळलेले सदस्य यांना रम्प संसदेविषयी सहानुभूती नव्हती, तर सुधारणावाद्यांना नव्या पर्वाची आशा वाटत होती. मे महिन्यात लंडनच्या काही नगरश्रेष्ठींनी मात्र संसद पूर्ववत करावी अशी विनंती केली.

२२ एप्रिल रोजी क्रॉमवेल व अधिकाऱ्यांनी जाहीरनामा प्रसिद्ध करून आपल्या कृतीचे समर्थन केले. संसदेने सुधारणांची कामे लांबवली आणि ती स्वतःची सत्ता टिकवू पाहत होती, हे त्यातील प्रमुख आक्षेप होते. न्यायाधीश, शेरिफ व इतर अधिकाऱ्यांनी आपापली कामे चालू ठेवावीत, असेही त्यात सांगितले होते.

नंतरच्या राज्यव्यवस्था

*नामनिर्देशित सभा*

नव्या निवडणुका घेण्याऐवजी सैन्याधिकाऱ्यांनी स्वतः सदस्य निवडून सभा बोलावली. ४ जुलै १६५३ रोजी भरलेल्या या सभेत सुमारे १४० सदस्य होते. प्रेज-गॉड बेअरबोन या सदस्याच्या नावावरून तिला ‘बेअरबोनची संसद’ असे म्हणतात. दशांश कर व न्यायालये यांवरून सभेत तीव्र मतभेद झाले. १२ डिसेंबर रोजी मवाळ सदस्यांनी सकाळी लवकर जमून आपले अधिकार क्रॉमवेलकडे परत सोपवले. मागे राहिलेल्या सदस्यांना शिपायांनी बाहेर काढले.

*शासनलेख व प्रोटेक्टरेट*

१६ डिसेंबर १६५३ रोजी ‘शासनलेख’ ही लिखित राज्यघटना अमलात आली व क्रॉमवेल लॉर्ड प्रोटेक्टर, म्हणजे राज्याचा संरक्षक, झाला. ही घटना मुख्यतः लॅम्बर्टने तयार केली होती. तिच्यात ठरावीक मुदतीने निवडणुका आणि संसदेला किमान पाच महिन्यांच्या बैठकीची हमी होती. मात्र ही घटना कोणत्याही संसदेने संमत केलेली नव्हती. सप्टेंबर १६५४ मध्ये निवडून आलेल्या संसदेने प्रथम याच मुद्द्याला हात घातला व घटनेचे कलमवार परीक्षण सुरू केले. क्रॉमवेलने पाच महिने चांद्रमासांनुसार मोजून २२ जानेवारी १६५५ रोजी ती विसर्जित केली.

न्यायालयातही हाच प्रश्न उपस्थित झाला. जॉर्ज कोनी या व्यापाऱ्याने, संसदेने संमत न केलेला सीमाशुल्क देण्यास नकार दिला. त्याच्या वकिलांनी शासनाच्या वैधतेलाच आव्हान देताच त्यांना टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत टाकण्यात आले. मुख्य न्यायाधीश हेन्री रोल याने या प्रकरणी निर्णय देण्याऐवजी राजीनामा दिला. संसदेच्या संमतीवाचून कर वसूल करणे हाच एकेकाळी चार्ल्स पहिला याच्याविरुद्धचा मोठा आक्षेप होता.

१६५५ मध्ये देशाचे विभाग करून ते मेजर-जनरलांच्या देखरेखीखाली देण्यात आले. लष्करी अंमलाचे हे उघड स्वरूप लोकांना अप्रिय ठरले व १६५७ मध्ये ते संपुष्टात आले. १६५६ च्या संसदेतील सुमारे शंभर निवडून आलेल्या सदस्यांना प्रवेश नाकारण्यात आला. याच संसदेने १६५७ मध्ये क्रॉमवेलला राजमुकुट देऊ केला. राजाचे अधिकार व त्यांच्या मर्यादा प्रस्थापित कायद्याला परिचित होत्या. प्रोटेक्टरच्या अधिकाराला तसा आधार नव्हता. क्रॉमवेलने मुकुट नाकारला, पण सुधारित घटना स्वीकारली. ही संसदही त्याने फेब्रुवारी १६५८ मध्ये विसर्जित केली.

पुनरागमन आणि अखेर

३ सप्टेंबर १६५८ रोजी क्रॉमवेलचा मृत्यू झाला व त्याचा मुलगा रिचर्ड प्रोटेक्टर झाला. त्याला सैन्यावर ताबा ठेवता आला नाही. एप्रिल १६५९ मध्ये अधिकाऱ्यांनी त्याच्याकडून त्याची संसद विसर्जित करवली. त्यानंतर वैध सत्तेचा आधार शोधताना त्याच अधिकाऱ्यांनी १६५३ मध्ये हाकललेल्या रम्प संसदेलाच परत बोलावले. ७ मे १६५९ रोजी लेंथॉलच्या अध्यक्षतेखाली ती पुन्हा भरली.

सैन्य व संसद यांच्यातील जुना वाद लगेच उफाळून आला. १३ ऑक्टोबर १६५९ रोजी लॅम्बर्टच्या शिपायांनी सभागृहाचे मार्ग अडवून ती दुसऱ्यांदा बंद पाडली. सैन्यात फूट पडल्याने २६ डिसेंबर रोजी ती पुन्हा सुरू झाली. जानेवारी १६६० मध्ये सभागृहाचे लक्ष आपल्याच इतिवृत्तातील २० एप्रिल १६५३ च्या नोंदीकडे गेले. त्या दिवशी सरसेनापतीने ही संसद विसर्जित केली, अशी नोंद लेखनिक हेन्री स्कोबेल याने केली होती. अशा नोंदीस सभागृहाची संमती नव्हती, म्हणून ती काढून टाकण्याचा आदेश देण्यात आला. सभागृहाच्या दृष्टीने २० एप्रिल रोजी केवळ कामकाजात खंड पडला होता.

स्कॉटलंडमधून सैन्यासह आलेल्या जनरल जॉर्ज मंक याने २१ फेब्रुवारी १६६० रोजी १६४८ मध्ये वगळलेल्या सदस्यांना पुन्हा सभागृहात प्रवेश मिळवून दिला. पूर्ण झालेल्या दीर्घ संसदेने १६ मार्च रोजी स्वतःच्या विसर्जनाचा कायदा संमत केला आणि अशा प्रकारे १६४१ च्या अधिनियमाची अट पूर्ण केली. नव्या सभेने चार्ल्स दुसरा याला परत बोलावले व २९ मे १६६० रोजी तो लंडनमध्ये आला. दीर्घ संसद निश्चितपणे संपली आहे, असे स्पष्ट करणारा आणखी एक अधिनियम या नव्या सभेनेही केला. जानेवारी १६६१ मध्ये क्रॉमवेल, ब्रॅडशॉ व हेन्री आयर्टन यांची प्रेते उकरून टायबर्न येथे फासावर लटकवण्यात आली.

इतिहासकारांची मते

विधेयकाची प्रत नष्ट झाल्याने क्रॉमवेलच्या हेतूविषयी एकमत नाही. रम्पचे सदस्य आपल्या जागा कायम ठेवून केवळ रिकाम्या जागा भरू पाहत होते, ही क्रॉमवेलच्या बाजूची मांडणी दीर्घकाळ ग्राह्य धरली जात होती. एकोणिसाव्या शतकातील इतिहासकार सॅम्युअल रॉसन गार्डिनर यानेही ती स्वीकारली होती.

ब्लेअर वर्डन याने १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द रम्प पार्लमेंट’ या ग्रंथात याउलट मत मांडले. त्याच्या मते अंतिम विधेयकात संपूर्ण नव्या निवडणुकांचीच तरतूद होती. संसद सत्तेला चिकटून राहील ही क्रॉमवेलची खरी भीती नव्हती. खुल्या निवडणुकीतून सैन्याला प्रतिकूल सभागृह येईल, ही होती. हे मत मान्य केल्यास २० एप्रिलची कारवाई निवडणुका घडवून आणण्यासाठी नव्हे, तर त्या टाळण्यासाठी झाली असा निष्कर्ष निघतो. ऑस्टिन वूलरिच याने १९८२ च्या आपल्या ग्रंथात या घटनाक्रमाचा पुन्हा तपशीलवार आढावा घेतला. पात्रतेच्या तपासणीचा अधिकार कोणाकडे राहणार हा मुद्दा आणि आदल्या दिवशीचा शब्द मोडल्याची क्रॉमवेलची भावना, यांनाही या चर्चेत महत्त्व दिले जाते.

स्मृती

क्रॉमवेलच्या तोंडी घातले जाणारे एक आवेशपूर्ण दीर्घ भाषण लोकप्रिय आहे. परंतु ते अठराव्या शतकात प्रसिद्ध झाले असून त्याच्या अस्सलपणाविषयी अभ्यासक साशंक आहेत. त्याची छोटी रूपे मात्र संसदीय वक्तृत्वाचा भाग बनली. ७ मे १९४० रोजी नॉर्वेतील अपयशावरील चर्चेत लिओ अमेरी याने पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन याला पायउतार होण्यास सांगताना क्रॉमवेलच्या उद्गारांचा आधार घेतला. काही दिवसांतच चेंबरलेनचे सरकार गेले. गोरखपूर येथे जन्मलेला अमेरी त्यानंतर चर्चिलच्या मंत्रिमंडळात भारतमंत्री झाला.

१८९९ मध्ये वेस्टमिन्स्टर राजवाड्याबाहेर हॅमो थॉर्निक्रॉफ्ट या शिल्पकाराने घडवलेला क्रॉमवेलचा पुतळा बसवण्यात आला. त्यासाठी सरकारी निधी देण्यास संसदेत तीव्र विरोध झाला होता. क्रॉमवेलच्या आयर्लंडमधील मोहिमेच्या स्मृतीमुळे आयरिश राष्ट्रवादी सदस्य या विरोधात अग्रभागी होते. अखेरीस पुतळ्याचा खर्च माजी पंतप्रधान लॉर्ड रोझबरी याने खासगीरीत्या केला. ज्या सभागृहासाठी क्रॉमवेल राजाविरुद्ध लढला आणि ज्याला त्याने स्वतः कुलूप लावले, त्याच सभागृहाच्या आवारात हा पुतळा आज उभा आहे.